गेमिंग पीसीचे भाग निवडताना आधी मॉनिटर ठरवा

तुमची यादी नीट वाचली. कोअर आय९ १४९००के प्रोसेसर, झेड७९० मदरबोर्ड, आरटीएक्स ५०६० टीआयचं ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, रॅमच्या ८ जीबीच्या चार डीडीआर५ स्टिक, ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर, जेन५ (पीसीआय एक्सप्रेस या आतल्या जोडणीच्या पाचव्या पिढीची) एसएसडी, पुढून काचेने बंद असलेलं कॅबिनेट आणि सगळ्यांना वीज पुरवणारा, फारसं नाव न ऐकलेल्या कंपनीचा ८५० वॉटचा एसएमपीएस. मॉनिटर मात्र सध्याचाच, २४ इंची, १०८०पी, ६० हर्ट्झ. तो ‘पुढे कधीतरी’ १४४०पी घ्यायचा आहे. खेळायचं काय, तर सायबरपंक २०७७ सारखे मोठे ओपन-वर्ल्ड गेम आणि मित्रांबरोबर काउंटर-स्ट्राइक २. तुमचा प्रश्न असा, की हे सगळे भाग एकमेकांशी जुळतील का आणि पैसे योग्य जागी चाललेत का.

जुळतील, आणि पीसी चालूही होईल. पैसे मात्र योग्य जागी चाललेले नाहीत. ही यादी प्रोसेसरपासून सुरू झाली आहे आणि मॉनिटर तिच्या बाहेरच राहिला आहे. ती उलट्या टोकाकडून लिहा. मॉनिटर ठरला की कार्ड ठरतं, कार्ड आणि गेम ठरले की प्रोसेसर ठरतो, आणि मग एसएमपीएस, कूलर, कॅबिनेट यांबद्दल फारसा वाद उरत नाही.

६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एक. पीसी आतल्या आत २०० फ्रेम काढत असला तरी पूर्ण चित्रं डोळ्यांपुढे येतात ती ६०च. माउस हलवल्यापासून प्रतिसाद मिळेपर्यंतचा वेळ थोडा कमी होतो हे खरं, पण तेवढ्यासाठी आय९ घ्यायचा नसतो. १६५ हर्ट्झवर दोन चित्रांमधलं अंतर ६ मिलिसेकंदांवर येतं. काउंटर-स्ट्राइकमध्ये कोपऱ्याआडून कुणी झपकन बाहेर आलं तर हा फरक लगेच कळतो, त्यासाठी जाणकार असावं लागत नाही.

दुसरी गोष्ट रिझोल्यूशनची. १०८०पी म्हणजे २० लाख ७३ हजार पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६ लाख ८६ हजार, आणि ४के म्हणजे ८२ लाख ९४ हजार. म्हणजे १०८०पीवरून १४४०पीवर गेलात की प्रत्येक फ्रेममध्ये कार्डाला जवळजवळ पावणेदोन पट पिक्सेल रंगवायचे आहेत, आणि ४केवर बरोबर चौपट. म्हणून १०८०पी डोळ्यांपुढे ठेवून घेतलेलं कार्ड मॉनिटर बदलल्या दिवशी तोकडं पडतं. तुम्हाला १४४०पीवर जायचंच असेल तर आजच जा: २७ इंची, १४४ ते १८० हर्ट्झ, आयपीएस पॅनेल, आणि व्हेरिएबल रिफ्रेश म्हणजे फ्रीसिंक किंवा जी-सिंकची सोय असलेला. ही शेवटची सोय नसेल तर घेऊ नका. ती असली की गेम ७५ ते १०० फ्रेमच्या दरम्यान वरखाली होत राहिला तरी चित्र फाटत नाही आणि हिसकेही जाणवत नाहीत. ओलेड पॅनेल अधिक सुंदर दिसतं, पण दिवसभर त्याच स्क्रीनवर कामही करणार असाल तर एकाच जागी राहणाऱ्या मजकुराचे डाग कायमचे उमटण्याचा धोका लक्षात घ्या.

आता कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातली कामाची वाटणी समजून घ्या, कारण बहुतेक चुकीची खरेदी इथेच होते. प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसर गेमचं जग पुढे सरकवतो: कोण कुठे आहे, काय कशाला धडकलं, काय काय काढायचं आहे. ही आज्ञा कार्डाकडे जाते आणि कार्ड ते चित्र रंगवतं. रिझोल्यूशन वाढवल्याने कार्डाचं काम वाढतं. प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त किती फ्रेम निघू शकतात ही वरची मर्यादा प्रोसेसर ठरवतो, आणि त्या मर्यादेपर्यंत तुमच्या रिझोल्यूशनवर पोचता येईल की नाही हे कार्ड ठरवतं.

हे सध्याच्या पीसीवरच तपासता येतं. नेहमीचा गेम सुरू करा, एखाद्या गर्दीच्या जागी उभे राहा, फ्रेमचा आकडा बघा. मग रिझोल्यूशन ७२०पीवर आणा. आकडा चांगलाच वाढला तर अडवत होतं ते कार्ड. जागचा हलला नाही, तर अडवतोय प्रोसेसर. कार्डाचा वापर ९७-९९ टक्के दिसत असेल तरी उत्तर तेच, कार्ड. एक सावधगिरी बाळगा: प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसतो म्हणून तो मोकळा आहे असं समजू नका. गेमचा मुख्य थ्रेड (ओळीने चालणारं काम) प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे गणना करणाऱ्या एकाच भागावर, अडकलेला असतो आणि बाकीचे कोअर रिकामे बसलेले असतात. सरासरीत ते दिसत नाही.

यावरून आय९चं काय करायचं ते कळतं. १४९००के मध्ये २४ कोअर आहेत, त्यातले १६ छोटे. व्हिडिओ रेंडर करताना, मोठे प्रोग्राम कंपाइल करताना ते कामाला येतात. गेमला लागतात सहा ते आठ वेगवान कोअर आणि भरपूर कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी पण वेगवान मेमरी. या कॅशचं महत्त्व सविस्तर सांगतो, कारण दुकानातल्या खोक्यावर गिगाहर्ट्झ मोठ्या अक्षरात असतं आणि कॅश बारीक. प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर चालतो तेव्हा त्याचं एक चक्र ०.२ नॅनोसेकंदांत संपतं. हवी ती माहिती कॅशमध्ये नसेल तर ती रॅममधून आणावी लागते आणि त्यात साधारण ७० नॅनोसेकंद जातात, म्हणजे ३५० चक्रं. गेममध्ये हजारो वस्तूंची माहिती मेमरीत विखुरलेली असते, त्यामुळे ही वाट सतत बघावी लागते. एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी मध्ये आठच कोअर आहेत, पण एल३ कॅश ९६ एमबी आहे. १४९००केची ३६ एमबी. मूळ चिपवर ६४ एमबी कॅशचा आणखी एक थर चढवून ही क्षमता आणली आहे. परिणाम असा, की बहुतेक गेममध्ये तो आय९च्या बरोबरीने किंवा पुढे चालतो आणि तेही खूपच कमी विजेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ९८००एक्स३डी मध्ये हाच थर कोअरच्या खाली नेला, त्यामुळे उष्णता बाहेर पडणं सोपं झालं आणि क्लॉकही वाढला.

आणखी दोन कारणांनी मी तुम्हाला एएमडीच्या एएम५ सॉकेटकडे (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) वळवेन. एलजीए १७०० हे सॉकेट इंटेलच्या १२, १३ आणि १४व्या पिढीसाठी होतं. त्यानंतरचे डेस्कटॉप कोअर अल्ट्रा एलजीए १८५१ वर गेले. म्हणजे झेड७९० घेतलात तर पुढे प्रोसेसर बदलायला वाट नाही. एएम५ ला २०२७ आणि त्यापुढेही साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलं आहे. दुसरं, १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरतेची अडचण आली होती. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोडमधून (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमधून) त्यावर उपाय दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. कुणाकडे हा प्रोसेसर असेल तर त्याने बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून बिनधास्त वापरावा. नव्याने घेताना मात्र हे सगळं अंगावर घेण्याचं कारण दिसत नाही. ७८००एक्स३डी बजेटबाहेर जात असेल तर सहा कोअरचा रायझन ५ ७६०० घ्या. १४४०पीवर मोठ्या गेममध्ये अडवणार ते कार्डच, त्यामुळे इथे वाचलेले पैसे कार्डात घाला.

कार्डाच्या बाबतीत तुमच्या यादीतली सगळ्यात मोठी खोट म्हणजे ८ जीबी. आरटीएक्स ५०६० टीआय ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येतं. चिप तीच, मेमरीशी जोडणारी १२८ बिटची बसही तीच. मेमरी पुरते तोवर दोन्ही सारखीच धावतात. ती संपली की काय होतं ते बघा. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी या दराने माहिती देते. जागा संपली की जास्तीची टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) पीसीच्या रॅममध्ये जातात आणि तिथून पीसीआय एक्सप्रेसच्या आठ लेनमधून यावी लागतात: जेन५ वर जेमतेम ३२ जीबी, जेन४ बोर्डवर त्याच्या निम्म्याने. सरासरी फ्रेमचा आकडा तरीही बरा दिसू शकतो, पण गाडी वळवताना किंवा दार उघडताना चित्र अडखळतं. म्हणून परीक्षणं वाचताना सरासरीच्या शेजारचा ‘एक टक्का लो’ हा आकडा बघा. सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमची ती गती असते, आणि खेळताना मन विटतं ते तिच्यामुळे.

गेम इतकी मेमरी का मागतात? मोठे गेम आधी कन्सोलसाठी आखले जातात. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोन्हींत आठ कोअरचा झेन २ प्रोसेसर आणि १६ जीबी सामायिक मेमरी आहे; सिरीज एक्सवर त्यातली १३.५ जीबी गेमला मिळते. टेक्श्चर बनवणारे या मापाने काम करतात. ८ जीबीचं कार्ड तिथेच कमी पडतं. फक्त काउंटर-स्ट्राइकसारखे स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्याला ८ जीबी पुरते, तुमच्या दोन्ही आवडी बघता नाही. १४४०पीसाठी माझी निवड १६ जीबीच्या रेडिऑन आरएक्स ९०७० ची किंवा १२ जीबीच्या आरटीएक्स ५०७० ची. सायबरपंक पूर्ण रे ट्रेसिंगवर (प्रकाशाचा मार्ग मोजून चित्र काढणारी सेटिंग) खेळायचा असेल तर एनव्हिडियाकडे, म्हणजे आरटीएक्सकडे झुका, नाहीतर जास्त मेमरीकडे. हात आखडता घ्यायचा असेल तर ५०६० टीआय किंवा आरएक्स ९०६० एक्सटी, पण १६ जीबीचंच. आणि खोक्यावरचा आकडा दोनदा वाचा, कारण नाव तेच असतं.

एनव्हिडियाचं डीएलएसएस आणि एएमडीचं एफएसआर, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारी तंत्रं, यांना कमी लेखू नका. १४४०पीवर डीएलएसएस ‘क्वालिटी’ला ठेवलं की कार्ड प्रत्यक्षात ९६०पीवर चित्र काढतं आणि उरलेलं भरून काढतं. म्हणजे रंगवायचे पिक्सेल १०८०पीपेक्षाही कमी, आणि दिसायला बहुतेकदा १४४०पीच्या जवळ. फ्रेम जनरेशनची गोष्ट वेगळी. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये ते बनवलेली फ्रेम घालतं. हालचाल मऊ दिसते, पण माउसला मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमच्याच वेगाचा राहतो, किंचित मागेच. मूळ ६० फ्रेम मिळत असतील तर वापरा. ३० फ्रेमचे १२० झाले म्हणून जाहिरात दाखवते तेव्हा तो आकडा खरेदीसाठी धरू नका.

एसएमपीएसबद्दल मी हट्टाने बोलतो. बाकी कुठलाही भाग बिघडला तर बहुतेकदा तो एकटा जातो. हा जाताना बाकीच्यांना घेऊन जाऊ शकतो. आधी गरज मोजू. आरटीएक्स ५०७० ची २५० वॉट, ७८००एक्स३डीची जास्तीत जास्त ९०च्या आसपास, आणि बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून ६०-७०. चारशे झाले. चांगल्या कंपनीचा ६५० वॉट पुरतो, ७५० घेतला तर पुढचं मोठं कार्डही चालेल. म्हणजे ८५० या आकड्याची गरजच नाही. तेवढ्याच पैशात कमी वॉटचा आणि जास्त चांगला घ्या.

चांगला कसा ओळखायचा? त्याच्या अंगावरचं लेबल वाचा. आजच्या पीसीत जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवर खर्च होते. खऱ्या ८५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टच्या रकान्यात ७० अँपिअरच्या आसपास लिहिलेलं असतं, १२ गुणिले ७० म्हणजे ८४०. तिथे ५४ अँपिअर असेल तर तुमच्या हाती पडणारे वॉट आहेत ६४८, खोक्यावर काहीही छापलेलं असो. तुम्ही निवडलेल्या एसएमपीएसचं हे लेबल शोधा आणि स्वतःच गुणाकार करा. ८० प्लसचं ब्राँझ किंवा गोल्ड प्रमाणपत्र फक्त कार्यक्षमता सांगतं, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया जाते. शॉर्ट सर्किट किंवा जादा करंटच्या वेळी तो वेळेवर बंद पडेल की नाही, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी स्वतंत्र चाचण्या वाचा आणि वॉरंटी बघा. सात-दहा वर्षांची हमी देणाऱ्याला आतले कपॅसिटर स्वस्तातले वापरून परवडत नाही. एटीएक्स ३.० किंवा ३.१ असा उल्लेख असावा. आधुनिक कार्डं क्षणभरासाठी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतात, आणि ते झटके धरूनच हे निकष बनवले आहेत. १६ पिनचा कनेक्टर असेल तर तो पूर्ण आत बसला आहे हे डोळ्यांनी बघा आणि केबल प्लगच्या मुळाशीच वाकवू नका. आणि एका मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्याला कधीही लावू नका. प्लग बसतो, पण आतल्या तारांची जागा वेगळी असू शकते, आणि मग ड्राइव्ह जळतात.

रॅमच्या चार स्टिक रद्द करा. १६ जीबीच्या दोन घ्या. रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकना अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की तो ३६०० वर उतरतो. एक्स्पो प्रोफाइल (रॅम छापलेल्या वेगाने चालवणारी तयार सेटिंग) असलेली ६००० वेगाची, सीएल३० रॅम घ्या. सीएल, म्हणजे रॅमला उत्तर द्यायला लागणारी चक्रं, हा आकडा एकटा वाचायचा नसतो: ३० ला ६००० च्या निम्म्याने, म्हणजे ३००० मेगाहर्ट्झने भागलं की १० नॅनोसेकंद येतात. ५२०० वेगाची सीएल४० रॅम याच हिशेबाने १५ च्या पुढे जाते. एक्स३डी प्रोसेसरला मोठ्या कॅशमुळे हा फरक कमी जाणवतो, म्हणून सीएल३६ स्वस्त मिळाली तरी चालेल. झगमगत्या दिव्यांसाठी जास्त मोजू नका.

बाकीचं लवकर संपवतो. एसएसडी जेन४ची, २ टीबी, शक्यतो टीएलसी प्रकारच्या मेमरीची. प्लेस्टेशन ५ ची एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी वाचते, चांगली जेन४ ७ जीबीपर्यंत जाते; जेन५ गेम उघडताना फारसं काही वाचवत नाही आणि तापते जास्त. कूलर म्हणून दुहेरी टॉवरचा एअर कूलर घ्या. ७८००एक्स३डीला ३६०चं लिक्विड लागत नाही, आणि एअर कूलरमध्ये पंप नसल्याने पंखा सोडून बिघडण्यासारखं काही नसतं. त्याची उंची कॅबिनेटमध्ये मावते का आणि कार्डाची लांबी पुढच्या पंख्यांना अडत नाही ना, हे दोन्ही आकडे मिलिमीटरमध्ये ताडून बघा. कॅबिनेट पुढून जाळीचं हवं. बंद काचेमागे तीन पंखे लावले तरी त्यांना हवा कुठून मिळणार? मदरबोर्ड बी६५० किंवा बी८५०, व्हीआरएमवर (प्रोसेसरची वीज जुळवणारा भाग) व्यवस्थित हीटसिंक, एसएसडीसाठी किमान दोन एम.२ स्लॉट आणि बायोस फ्लॅशबॅकचं बटण. या बटणामुळे प्रोसेसर न ओळखणारा जुना बायोसही फक्त पेनड्राइव्हने बदलता येतो.

जोडणी करताना रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये घाला. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढली का बघा. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहिली तर बटण दाबून बंद करू नका. डीडीआर५ रॅमची जुळवणी चालू असते आणि ती पूर्ण होऊ द्यावी लागते. नंतर बायोस अपडेट करून एक्स्पो चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर चालत राहील. मॉनिटरची केबल कार्डाला लावा, मदरबोर्डला नाही. ‘नवा पीसी संथ आहे’ म्हणून कुणी बोलावलं की मी आधी पाठीमागे वाकून हेच बघतो. दुसरी नजर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगवर: १६५ हर्ट्झचा मॉनिटर तिथे ६० वरच राहिलेला असतो, आणि मालकाला महिनोन्‌महिने कळत नाही.

पैसे तरीही कमी पडले तर या क्रमाने कापा: आधी दिवे आणि काच, मग मदरबोर्ड बी६५० च्या साध्या मॉडेलवर, मग एसएसडी १ टीबी, मग ७८००एक्स३डीऐवजी ७६००. एएम५ वर असल्यामुळे तो पुढे बदलता येईल. कार्डाची मेमरी आणि एसएमपीएस यांना हात लावू नका.

आणि खरेदी केल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत पीसी राबवून घ्या. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवा, त्यात एकही चूक चालत नाही. दुसऱ्या दिवशी तुमचा सगळ्यात जड गेम सलग दोन-तीन तास खेळा आणि कार्डाचं, प्रोसेसरचं तापमान नोंदवून ठेवा. सहा महिन्यांनी तेच तापमान त्याच गेममध्ये बरंच वाढलेलं दिसलं तर आधी पुढची जाळी आणि फिल्टर काढून धूळ झटका. नवीन कूलर शोधायची गरज बहुतेकदा पडत नाही.